बटण दाबण्याआधी दिवे बघा

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. सव्वानऊचा सुमार. जेवणं आटोपत आली होती आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निरोपापुढे बारीक घड्याळाचं चिन्ह येऊन बसलं ते हलेचना. फेसबुक उघडेना, इन्स्टाग्राम उघडेना. पुढची कृती घरोघरी ठरलेली. कुणीतरी उठायचं, टीव्हीच्या मागे हात घालायचा, राउटरचं बटण बंद करायचं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि पुन्हा चालू करायचं. फरक पडला नाही तर आणखी एकदा. मग केबलवाल्याला फोन. केबलवाल्याचा फोन अर्थातच व्यस्त.

बिघाड त्या घरात नव्हता, त्या गल्लीत नव्हता, देशातही नव्हता. फेसबुकच्या अभियंत्यांनी देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं तिचं स्वतःचं जाळं तुटलं होतं. त्यापाठोपाठ तिच्या नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर जगाच्या नकाशावरून दिसेनासे झाले. सगळं सुरळीत व्हायला सुमारे सहा तास लागले. भारतात तोवर पहाट व्हायला आली होती. त्या सहा तासांत त्याच फोनवर यूट्यूब चालत होतं, बातम्या उघडत होत्या. दुसरं कुठलंही एक संकेतस्थळ उघडून बघायला पाच सेकंद लागली असती. तेवढं केलं असतं तर बटणाला हात लावायचं कारणच उरलं नसतं.

‘राउटर बंद करून चालू करा’ याला आता कुणी सल्ला म्हणत नाही, तो संस्कार झाला आहे. कस्टमर केअरचा मुलगा तेच सांगतो, सोसायटीतला संगणक दुरुस्त करणारा तेच सांगतो, बंगळूरूत नोकरीला असलेला भाचाही फोनवर तेच सांगतो. या संस्काराचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. पहिला: तो चालतो. दहातल्या नऊ वेळा चालतो, असं छातीठोकपणे सांगणारे कमी नाहीत. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: फ्रिज वापरायला कॉम्प्रेसर कळावा लागत नाही, मग नेट वापरायला राउटर का कळावा? सामान्य माणसाने बटण दाबावं, नाही जमलं तर तज्ज्ञाला बोलवावं, मधल्या भानगडीत पडू नये. दोन्ही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. म्हणूनच त्यांचा समाचार नीट घ्यायला हवा.

पहिल्या मुद्द्यातलं खरं ते आधी मान्य करावं. राउटर म्हणजे एक छोटा, बहुतेक वेळा स्वस्तातला, संगणकच. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे मिळून दहा-पंधरा उपकरणं. बाहेरच्या जगासाठी पत्ता मात्र एकच. बाहेरून आलेलं कुठलं उत्तर कुणाचं, याची वही राउटर आपल्या मेमरीत ठेवतो. वही भरली, किंवा आतल्या प्रोग्राममधल्या चुकीने मेमरी गळत राहिली, की नव्या नोंदीला जागा उरत नाही आणि पानं अर्धवट उघडायला लागतात. बंद-चालू केलं की वही कोरी होते. कधी कंपनीकडे जुनं लॉगिन अडकलेलं असतं, ते नव्याने झालं की सुटतं. कधी जागा होता होता राउटर कमी गर्दीचा वायफाय चॅनेल निवडतो. तेव्हा बटणाने गुण येतो तो काही थोतांड नाही, त्याला कारणं आहेत.

इतकंच कशाला, २५ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या एफबीआयने घरं आणि छोट्या कचेऱ्यांतले राउटर बंद करून चालू करा असं जाहीर आवाहन केलं होतं. व्हीपीएनफिल्टर नावाचा एक घातकी प्रोग्राम किमान ५४ देशांतल्या ५ लाखांवर उपकरणांत घुसलेला होता. बटणपंथीयांना याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं हवं? पण त्या आवाहनाच्या पोटात शिरलं की चित्र वेगळं दिसतं. हा प्रोग्राम तीन टप्प्यांत काम करी. राउटर बंद झाला की दुसरा आणि तिसरा टप्पा पुसला जाई. पहिला मात्र टिकून राही, आणि जागा झाल्याबरोबर आपले साथीदार पुन्हा मागवायला एका ठरावीक पत्त्यावर हाक मारी. तो पत्ता एफबीआयने न्यायालयाच्या आदेशाने आधीच ताब्यात घेतलेला होता. म्हणजे जो जो राउटर बंद होऊन पुन्हा चालू होई, तो तो ‘मी लागण झालेला आहे’ असं स्वतःच तपासकर्त्यांना सांगे. जगातलं सगळ्यात गाजलेलं बंद-चालू झालं ते रोग कुठे आहे हे कळावं म्हणून.

आपल्याकडच्या दिवाणखान्यात नेमकं उलटं घडतं. बटण दाबताच रोग कुठे होता हे कळायची सोय नाहीशी होते. बहुतेक घरगुती राउटर आपल्या नोंदी मेमरीतच ठेवतात. लाइन किती वाजता तुटली, किती वेळा तुटली, पत्ता मिळाला की नाकारला गेला, हे सगळं त्यात असतं. वीज गेली की नोंदी गेल्या. पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार.

त्यात काकतालीय न्यायाची भर. रोज संध्याकाळी आठ ते अकरा नेट रखडतं, साडेदहाला वैतागून बटण दाबलं जातं, अकराला सगळं सुरळीत. श्रेय बटणाला. खरं तर अकराला इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं झोपलेली असतात आणि लाइनवरची गर्दी ओसरलेली असते. अंगारा लावल्यावर ताप उतरला म्हणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या खोटं बोलत नव्हती; ताप उतरतच होता. अंगाऱ्याने उतरला का, एवढंच कुणी विचारलं नाही.

आता फ्रिजचा मुद्दा. फ्रिज हे एका खोलीतलं, एका मालकाचं यंत्र आहे. बिघडला तर बिघाड त्याच्या पत्र्याच्या आतच सापडणार. इंटरनेट तसं नाही. फोन घरच्याचा, राउटर कधी घरच्याचा तर कधी कंपनीचा, जिन्यातून आलेली फायबर स्थानिक केबलवाल्याची, त्याच्यामागचं जाळं मोठ्या कंपनीचं, समुद्राखालची केबल आणखी कुणाची आणि शेवटचा सर्व्हर भलत्याच खंडात. पाच-सहा मालकांच्या हद्दी ओलांडून एक पान पडद्यावर येतं, आणि प्रत्येक मालकाला बिघाड शेजारच्या हद्दीत आहे असं म्हणणं सोयीचं असतं.

याला नेमकी उपमा हवी असेल तर ती फ्रिजची नाही, पाटपाण्याची. कालव्याच्या टेलला शेत असलेला शेतकरी आवर्तन सुटूनही पाणी आलं नाही म्हणून आपल्याच बांधावरचं दार वर-खाली करत बसत नाही. हातात बॅटरी घेऊन तो चारीच्या काठाकाठाने उलट चालत निघतो. कुठे पालापाचोळा अडकलाय, कुठे कुणी रात्रीतून चारी फोडलीय, की मुळात वरूनच पाणी सुटलेलं नाही, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पाणी कुठे मुरतंय हे कळलं की कुणाशी भांडायचं तेही कळतं. या शेतकऱ्याला जलसंपदा खात्याचा अभियंता व्हावं लागत नाही. राउटरपाशी उभ्या असलेल्या माणसालाही दूरसंचार अभियंता व्हायची गरज नाही. फक्त उलट दिशेने चालता यायला हवं.

ती वाट बोलण्यातल्या एका गोंधळाने सुरुवातीलाच अडते. घरात काहीही बिनसलं की ‘वायफाय गेलं’ असं म्हटलं जातं. वायफाय म्हणजे फोन ते राउटर एवढा दहा-पंधरा मीटरांचा हवेतला पट्टा. इंटरनेट राउटरच्या पलीकडे सुरू होतं. दोन्हींना एकच नाव दिलं की दोन्हींतला फरक दिसेनासा होतो. फरक तपासायची युक्ती साधी आहे. राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर १९२.१६८ने सुरू होणारा एक पत्ता छापलेला असतो. असे पत्ते १९९०च्या दशकापासून खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तोच पत्ता पुण्यातही असतो आणि पॅरिसमध्येही. बाहेरचं नेट पूर्ण बंद असलं तरी फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. उघडलं, तर फोन आणि वायफाय दोघेही निर्दोष; बिघाड पुढे आहे. नाही उघडलं, तर कस्टमर केअरला फोन करून काडीचा उपयोग नाही, कारण बिघाड घराच्या चार भिंतींतच आहे. लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर तेही बोलकं: राउटरने पत्ता दिलाच नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतला.

फोनवर येणाऱ्या ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ या संदेशावर डोळे मिटून विश्वास ठेवणारेही पुष्कळ. अँड्रॉइड फोन गूगलच्या एका सर्व्हरला छोटीशी विचारणा करतो. रिकामं उत्तर ठरलेल्या पद्धतीने आलं तर इंटरनेट आहे, नाही तर नाही, असं तो ठरवतो. म्हणजे हा फोनचा अंदाज झाला. बरोबर असतो बहुतेकदा, पण तेवढ्यावर निकाल द्यायचा नसतो.

फोन आणि वायफाय सुटले की दिवे. राउटर घेतल्या दिवसापासून ते डोळे मिचकावत असतात आणि घरातलं कुणी त्यांच्याकडे बघत नाही. उलट रात्री झोपेत त्रास होतो म्हणून काही घरांत त्यांवर चिकटपट्टी लावलेली आढळते. फायबरच्या जोडणीत भिंतीवर जो डबा असतो, लाइनमन ज्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, त्यावरचे दोन दिवे लाखमोलाचे. पॉन लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर डब्याची कंपनीच्या यंत्राशी ओळख पटलेली आहे; लुकलुकत राहिला तर ओळख पटवण्याची धडपड चालू आहे. एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर काचेच्या तंतूतून प्रकाशच पोचत नाहीये. लाल दिवा पेटलेला असताना राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी तुटलेली काच सांधली जाणार नाही. तरीही एलओएस लाल असताना अर्धा अर्धा तास बटणाशी खेळणारी माणसं आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना फोनवरून तसं करायला लावणारी माणसंही आहेत.

लाल दिव्याची निम्मी कारणं कुणालाही बघता येण्यासारखी असतात. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकलं आणि पिवळी वायर त्याच्यामागे चेमटली. खिडकीच्या सरकत्या काचेत ती अडकली. उंदराने कुरतडली. काच वाकवली की एका मर्यादेपलीकडे प्रकाश वळणावरून बाहेर निसटतो. तंतू तुटलेला दिसत नाही, पण निकामी झालेला असतो. वळण सैल केल्याबरोबर लाल दिवा विझल्याची उदाहरणं लाइनमन डझनाने सांगतील. एवढीच खबरदारी घ्यावी, की वायर निघालीच तर तिच्या उघड्या टोकात डोकावू नये. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही.

आणि दिवा हिरवा असूनही नेट तासातासाला तुटत असेल तर? इथे लाइनमनची भाषा कामी येते. ‘पॉवर किती येतेय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. अनेक ओएनटींच्या पानावर घरी पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा डीबीएम या मापात दिलेला असतो, आणि तो उणे असतो. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. नेहमीच्या घरगुती डब्यांची ऐकू येण्याची मर्यादा उणे सत्तावीसच्या जवळ असते. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की उणे एकवीस आणि उणे सत्तावीस यांतला फरक कळतो: एक चतुर्थांश. उणे सत्तावीसवर चालणारी लाइन दुपारी चालते, पावसात खांबावरच्या पेटीत ओल शिरली की तुटते, परत चालते. अशा घरात बंद-चालूला रोज यश येतं आणि बिघाड महिनोन्‌महिने तसाच राहतो.

दिवे ठीक, पॉवर ठीक, तरी पानं उघडत नाहीत, अशी एक तिसरी अवस्था असते आणि तीत सगळ्यात जास्त माणसं फसतात. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांवरून पत्ते शोधायची जी व्यवस्था मांडली, ती डीएनएस, आजही प्रत्येक क्लिकच्या आधी एक फेरी मारून येते. माणूस नाव लिहितो, जाळ्याला आकडा लागतो. आकडा सांगणारा कंपनीचा सर्व्हर आजारी पडला की रस्ता सगळा मोकळा आणि घरच सापडत नाही अशी गत होते. संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन ८.८.८.८ या आकड्याला हाक मारावी. हा गूगलचा २००९पासून सर्वांना खुला असलेला सर्व्हर. आकड्याकडून उत्तर येतं आणि नावाकडून येत नाही, तर दोष नावांच्या वहीत. राउटरच्या पानावर डीएनएसच्या जागी हा आकडा, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, लिहिला की काम भागतं. पाच मिनिटांचं काम. याच बिघाडासाठी नवा राउटर विकत घेतला गेल्याचं ऐकायला मिळतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

खरेदीचा विषय निघालाच आहे तर ‘प्लॅन वाढवा’ या दुसऱ्या अंगाऱ्याकडे वळायला हरकत नाही. नेट रखडतं म्हणून शंभरचा प्लॅन तीनशेचा केला जातो. स्पीड टेस्ट घेतली तर आकडा येतो ९४. पुन्हा घेतली, ९३. कंपनी लुबाडते, असा निष्कर्ष. पण हा ९४चा आकडा स्वतःच बोलतो. शंभर एमबीपीएसच्या तारेवरून, माहितीच्या पाकिटांवरचे पत्ते-शिक्के वजा जाता, हातात पडतात ते साधारण एवढेच. म्हणजे घरातलीच कुठली तरी कडी शंभरवर अडकली आहे: एक तर राउटरचं पोर्ट जुन्या पिढीचं, नाही तर ओएनटीपासून राउटरपर्यंतची तार सदोष. शंभरच्या वेगाला तारेतल्या आठांपैकी चारच तारा लागतात. हजाराच्या वेगाला आठही. एखादी तार कनेक्टरमध्ये निसटली तरी जोडणी तुटत नाही, निमूटपणे शंभरवर उतरते. शे-दीडशे रुपयांची तार बदलायची, तिथे दरमहा वाढीव बिल भरलं जातं. दुसरी गंमत बिट आणि बाइटची: शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसले म्हणून भांडायला उठणाऱ्याला त्याच्या पैशाचं पुरेपूर मिळत असतं.

हवेतली गर्दी हा आणखी एक ठिकाणा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. ठाण्यातल्या किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत चाळीस राउटर या तीन वाटांवर दाटीवाटीने चालतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात धगधगतो. त्यात राउटर ठेवलेला असतो लोखंडी कपाटाच्या मागे नाही तर टीव्हीच्या पाठीशी, दिसू नये म्हणून. आतल्या खोलीत रेंज नाही ही तक्रार त्यानंतरची. जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर हलवणं आणि राउटर उघड्यावर, उंचावर ठेवणं याला एक रुपया पडत नाही. चार अँटेनांचा नवा राउटर कपाटामागेच ठेवायचा असेल तर चारही अँटेना कपाटाशीच बोलणार.

प्लॅनने न सुटणाऱ्या दुखण्याचा सगळ्यात चांगला साक्षीदार मात्र जिम गेटिस. इंटरनेट तंत्रज्ञानात आयुष्य घालवलेला हा माणूस २०१० साली आपल्या घरातून ऑफिसकडे मोठ्या फायली पाठवत असताना बाकी सगळं जाळं गोगलगाय होतं हे बघून चक्रावला. हाकेला ओ यायला सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. लाइन तुटलेली नव्हती, वेगही पुरेसा होता. त्याने बटण दाबून विषय संपवला नाही. तो मोजत बसला. सापडलं ते असं: मेमरी स्वस्त झाल्याने राउटर-मोडेमांत पाकिटं थोपवून ठेवायच्या रांगा अफाट लांब झाल्या होत्या, आणि एक मोठी फाइल रांगेत शिरली की तिच्यामागे सगळे ताटकळत. त्याने या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची पद्धत मांडली. आज एखाद्या घरात मुलाचा फोन सहलीचे फोटो वर चढवत असताना आईचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तेव्हा बरेचदा हेच चाललेलं असतं. बटण दाबलं की फोटो चढवणं तुटतं, कॉल सुधारतो आणि ‘बघ, राउटरच गंडला होता’ असा निवाडा होतो.

बंद-चालूचा एक थोरला भाऊ आहे, त्याच्याबद्दल मात्र थट्टेने बोलण्यासारखं नाही. राउटरच्या मागे बारीक भोकात एक बटण असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं ‘नव्यासारखं’ होतं. रीस्टार्ट आणि रीसेट यांची नावं भावंडांसारखी असली तरी कामं वेगळी. रीसेटने वायफायचं नाव-पासवर्ड जातोच, पण अनेक जोडण्यांत कंपनीने दिलेलं लॉगिनही जातं, जे लाइनमनने पहिल्या दिवशी टाकलेलं असतं आणि घरात कुठे लिहून ठेवलेलं नसतं. शनिवारी रात्री टाचणी घातली तर सोमवारपर्यंत बसावं लागतं. शिवाय फॅक्टरीतला सोपा पासवर्ड परत येतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने बळकावले ते असलेच न बदललेले पासवर्ड एकेक करून घालून बघत.

उरला एक आक्षेप, आणि तो आळशीपणातून आलेला नाही. पैसे कंपनी घेते, मग तपासणीची हमाली ग्राहकाने का करावी? जबाबदारी कंपनीचीच, यात वाद नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले, आणि घरगुती ब्रॉडबँडच्या बिघाड-दुरुस्तीपासून पाकिटांच्या गळतीपर्यंतच्या गोष्टी त्यांत येतात. पण नियम कागदावर असतो आणि तक्रार फोनवर होते. ‘नेट चालत नाही’ या वाक्याला ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळणार, आणि दोन मिनिटं चाललं की तक्रार बंद. याउलट ‘मंगळवारपासून रात्री तीनदा लाइन तुटली, तेव्हा एलओएस लाल होता, पॉवर उणे अठ्ठावीस आहे’ या वाक्याला बटणाने उत्तर देता येत नाही. त्याला शिडी घेऊन माणूस पाठवावा लागतो. तक्रारदाराने पुरावा मांडावा, ही अपेक्षा विजेच्या बिलाबाबत कुणाला अन्यायाची वाटत नाही. मीटरचा आकडा वाचूनच लोक महावितरणच्या कचेरीत जातात. वेगाच्या बाबतीत तर सावध असलेलं बरं, कारण सरकारी व्याख्येत २०२३पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ एमबीपीएस पुरतात; त्याआधी तर ५१२ केबीपीएसवर भागत असे.

घरात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी हे कसं करायचं, असं विचारताना गृहीत धरलेलं असतं की वृद्धांना खुणा वाचता येत नाहीत. गॅसची ज्योत निळीची पिवळी झाली की बर्नर साफ करायला हवा हे आजीला कुठल्या अभियंत्याने शिकवलेलं नसतं. सगळं सुरळीत असताना ओएनटी आणि राउटरचा एक फोटो काढून छापून भिंतीला लावला, तर बिघाडाच्या दिवशी आजी दोन चित्रं ताडून पुण्याच्या मुलाला सांगू शकते: तिसरा दिवा हिरवा होता, आज लाल आहे. मुलगा पुढचं ठरवेल. ‘बंद करून चालू कर’ एवढंच आजीला सांगणं हा तिच्यावर दाखवलेला अविश्वास आहे, सोय नव्हे.

काही बिघाड अर्थातच कुणाच्याच हातात नसतात. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबली तुटल्या आणि भारताच्या परदेशी वाहतुकीला मोठा फटका बसला; सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा तसंच झालं. अशा दिवशी देशातली संकेतस्थळं चालतात आणि परदेशी रखडतात. एवढी एक खूण ओळखता आली की संध्याकाळ वाचते.

राउटर बंद करायचा झालाच तर त्याची रीतही आहे. आधी दिव्यांचा फोटो, वेळ टिपलेली. मग दोन्ही डबे बंद, अर्धा मिनिट थांबून आधी ओएनटी चालू, पॉनचा दिवा स्थिर झाला की मग राउटर. पुन्हा तोच बिघाड किती तासांनी परतला, हेही टिपायचं. चार नोंदी झाल्या की लाइनमनशी होणारं बोलणं बदलतं. इन्व्हर्टरवर घर चालत असताना, लाइट जाता-येता, की फक्त पाऊस पडल्यावर बिघाड होतो, हे त्या चार ओळींतून दिसतं. अडॅप्टर थकलेला असतो तेव्हाही लक्षणं अशीच असतात, आणि ती शंका कुणालाच सुचत नाही.

पिंग ही आज्ञा लिहिणाऱ्या माइक म्यूसची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत त्याच्यासमोर असंच एक जाळं वेड्यासारखं वागत होतं. जहाजावरून पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, तसं जाळ्यात हाक सोडून ओ येते का बघणारा प्रोग्राम त्याने एका रात्रीत लिहून काढला आणि नावही त्या आवाजाचंच दिलं. पहिली हाक सोडायच्या आतच कुणीतरी तो बिघाड शोधून दुरुस्त करून टाकला होता. म्यूसने प्रोग्राम फेकून दिला नाही. आज विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, काळ्या खिडकीत चार अक्षरं टाइप करून राउटरचा पत्ता लिहिला की तो मिलिसेकंदांत मोजून सांगतो, पलीकडे कुणी आहे की नाही.